फाटलेला आवाज

बुधवारी दुपारी कुरियरवाला अमरनाथच्या हातात दोन खोकी देऊन गेला आणि शनिवारपर्यंत अहमदपूरच्या त्या सहा घरांच्या इमारतीत ना पाणी उरलं, ना वीज.

अमरनाथ कॉलेजात हेडक्लार्क होता. वय बावन्न. मुळातच कमी बोलणारा. वर्षापूर्वी लातूरचा जुना मित्र शरणप्पा वारल्यापासून तेवढंही बोलेनासा झाला होता. ऑफिसातून आला की खुर्चीत बसायचा आणि भिंतीकडं बघायचा. तीस वर्षांपूर्वी दोघं लातूरला एका वर्गात होते. शरणप्पा ड्रम वाजवायचा, अमरनाथ गिटार. गॅदरिंगला इंग्रजी रॉक वाजवणारी ती एकुलती एक जोडी. पहिलं गाणं संपेपर्यंत निम्मं पब्लिक जेवणाच्या रांगेत जाऊन उभं राही, पण शरणप्पा मान डोलावत वाजवत राही. पुढं त्यानं टायरचं दुकान टाकलं, अमरनाथ नोकरीला लागला आणि गिटार कपाटावर गेली.

महिन्यापूर्वी शरणप्पाच्या बायकोचा, शांतम्माचा फोन आला. रविवारी पहिलं पुण्यस्मरण होतं. "भाऊजी, त्या दिवशी तुम्ही वाजवा," ती म्हणाली. "तुमचा तो फाटका आवाज त्यायला लई आवडायचा."

अमरनाथनं गिटार खाली काढली, पुसली, तारा बदलल्या. पण फाटका आवाज नुसत्या गिटारीतून येत नाही. त्यासाठी पायाखाली एक लोखंडी डबी लागते, डिस्टॉर्शन पेडल. गिटारचा सरळ आवाज तिच्यात शिरतो आणि फाटून, भरून बाहेर पडतो. त्याची जुनी डबी गंजून मेली होती. नवी घ्यायला तो नांदेडला गेला, तर दुकानदारानं पेडल म्हटल्यावर पायानं भाता मारायची हार्मोनियम दाखवली. मग त्यानं तीन आठवडे मोबाईलवर व्हिडिओ पाहिले. एक जण म्हणे केशरी रंगाची डबी घ्या, दुसरा म्हणे केशरी घेणाऱ्याला कान नसतात. अमरनाथला पन्नास वर्षांपूर्वीच्या रेकॉर्डमधला आवाज हवा होता. फाटावा, पण आतला सूर दिसावा. शेवटी त्यानं एक केशरी मागवली आणि एक काळी. शनिवारपर्यंत त्यातली एक परत करायची मुभा होती.

गुरुवारी त्यानं अर्धी रजा टाकली. बायको तनुजा शाळेत शिकवायला गेलेली. मागच्या खोलीत अॅम्प्लिफायर लावून त्यानं काळी डबी जोडली आणि तिची सगळी बटणं शेवटपर्यंत फिरवली. त्या खोलीची खिडकी इमारतीच्या डक्टमध्ये उघडत होती आणि डक्टच्या तळाशी सगळ्यांची बोअर होती.

पहिल्या मजल्यावर शेषेराव वामकुक्षी घेत होते. रिटायर झालेले कृषी सहायक, इमारतीच्या पाण्याची जबाबदारी त्यांच्याकडं. बोअरची मोटार तेव्हा चालूच होती. डक्टमध्ये असा काही आवाज घुमला की ते उठून उघड्या अंगानं खाली धावले आणि "बंद करा, बंद करा" म्हणत स्टार्टरकडं गेले. ते ऐकून अमरनाथ दचकला आणि त्यानं हात आवरला. त्याच क्षणी शेषेरावांनी मोटार बंद केली. आवाज थांबला. शंकेला जागाच उरली नाही.

अमरनाथ खाली आला तोवर आठ माणसं जमली होती आणि मोटारीचं बेअरिंग गेल्याचं ठरूनही गेलं होतं. त्यानं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात शेषेराव म्हणाले, "तुम्ही पण ऐकलं न्हं?"

"हाव," अमरनाथ म्हणाला. ते खोटं नव्हतं. पण त्यानंतर खरं सांगणं अवघड होऊन बसलं.

संध्याकाळी स्टँडजवळचा गफूर मिस्त्री तिपायी लोखंडी घोडा आणि चेनपुली घेऊन आला. चारशे फूट पाइप एकेक करून वर निघाला, शेवटी मोटार आली. गफूरनं ती हातानं फिरवून पाहिली आणि त्याचं तोंड काही समाधानी दिसेना. आवाज कसा होता, हे त्यानं चौघांना वेगवेगळं विचारलं. मग उघडून बघतो म्हणाला आणि मोटार गाडीत घालून घेऊन गेला.

शुक्रवारी टँकर आला. तिसऱ्या मजल्यावरच्या गुणाबाई सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांना घागर घेऊन जिना चढताना पाहिलं आणि अमरनाथनं ती हातातून घेतली. मग त्यांच्या सात खेपा केल्या, मग शेषेरावांच्या केल्या, मग दुसऱ्या मजल्यावरच्यांच्या. आपल्या इमारतीत असा माणूस आहे हे इतकी वर्षं कळलंच नाही, असं लोक बोलू लागले. गुणाबाईंनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला. तो घरी आला आणि जेवला नाही. तनुजाला त्यानं सगळं सांगितलं. जाऊन कबूल करा, असं ती दोनदा म्हणाली. रविवार तेवढा होऊ दे, एवढंच तो म्हणाला. सांगितलं तर पुन्हा त्या घरात कोणी गिटार वाजवू देणार नव्हतं, मग डबी निवडायची कशी, आणि शरणप्पासाठी वाजवायला त्याला दुसरा रविवार मिळणार नव्हता.

शनिवारी सकाळी त्यानं खिडकीला गादी लावली आणि केशरी डबी जोडली. फक्त अर्धं मिनिट वाजवायचं ठरवलं होतं. पण पाइपातल्या पाण्याची घरघर नसल्यानं डक्ट आता सुनसान होता आणि गादी काही फार कामाची नव्हती.

शेषेराव बोअरपाशीच उभे होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला. "मोटार गफूरच्या दुकानात हाय," ते हळूच म्हणाले, "आन बोअर वरडायलंय."

बोअर ओरडणं शक्य नाही, यावर थोड्या चर्चेनंतर सगळ्यांचं एकमत झालं. मग उरली भिंतीपलीकडची डीपी, विजेचा ट्रान्सफॉर्मर. लाईनमन आला, डीपीखाली बराच वेळ मान वर करून उभा राहिला. त्याला काही ऐकू आलं नाही. पण सहा साक्षीदारांपुढं त्याचं चालेना. उगाच जोखीम नको, म्हणून त्यानं लाईन तोडली आणि साहेबाला विचारून येतो म्हणून गेला. एप्रिल महिना. दुपारपर्यंत लोक ओली फडकी डोक्यावर घेऊन जिन्यात बसले, आणि फडकी ओली करायला पाणी अमरनाथ आणून देत होता.

तीन वाजता गफूर आला. खाली कुणाशी न बोलता, डक्टमधल्या गादी लावलेल्या खिडकीकडं एकदा बघून तो सरळ वर, अमरनाथच्या दारात आला. मोटारीत काहीच बिघाड नव्हता. "साहेब, मी तीस साल कानावर मोटारी दुरुस्त करून राहिलो," तो म्हणाला. "मोटार सुरात बिघडत न्हाई."

अमरनाथनं त्याला आत घेतलं आणि शांतम्माच्या फोनापासून सगळं सांगितलं. गफूर रागावला नाही. दोस्तासाठी हाय म्हणता, मग नीट बघून घ्या, म्हणाला आणि गिटार, अॅम्प्लिफायर, दोन्ही डब्या गाडीत घालून त्यालाच दुकानावर घेऊन गेला.

दुकानात उलगडलेल्या मोटारींच्या मधोमध बसून अमरनाथनं आधी काळी डबी वाजवली. गफूरनं डोळे मिटून ऐकलं. "ही बिनलोडाच्या मोटारीवानी फिरती," तो म्हणाला. "नुसती बोंबलती." मग केशरी. गफूरचं तोंड जरा सैल झालं, पण त्यानं वाकून स्वतःच तिचं पहिलं बटण निम्म्यावर आणलं. "आता मारा."

अमरनाथनं तार छेडली. आवाज फाटला आणि सूर त्याच्या मधोमध सरळ उभा राहिला. तीन आठवड्यांत एकाही व्हिडिओवाल्याला जे सांगता आलं नव्हतं, ते मिस्त्रीनं एका बोटानं केलं होतं. अमरनाथ तेच चार सूर पुन्हा पुन्हा वाजवत राहिला. गफूरनं त्याच्याकडं बघायचं टाळलं. मग म्हणाला, "आता जाऊन सांगून टाका. मी मोटार सोडायला येतोच."

अमरनाथनं काळी डबी कुरियरच्या दुकानात परत दिली आणि जिन्यात उभं राहून सगळ्यांना सांगितलं. त्याची अपेक्षा होती की लोक ओरडतील. कोणी ओरडलं नाही. शेषेरावांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. गुणाबाईंनी त्याच्या हातातली घागर काढून घेतली आणि कठड्याला धरत एकट्या जिना चढू लागल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. दिवेलागणीला वीज आली, पाठोपाठ पाणी. दाराशी आभार मानायला अर्थातच कोणी आलं नाही.

रविवारी लातूरला शरणप्पाच्या घरापुढं मांडव होता. फोटोला हार, समोर समई, मागं जेवणाच्या पंगती. अमरनाथनं केशरी डबी पायाखाली घेतली आणि फोटोकडं बघत वाजवायला सुरुवात केली. पहिल्याच फटक्याला वाढप्याच्या हातातून वरणाची पळी निसटली. दोन लहान मुलं रडत आत गेली. पण अमरनाथनं पूर्ण वाजवलं, एकही सूर न चुकवता.

शांतम्मा फोटोशेजारी सतरंजीवर बसली होती. तो तिच्याजवळ जाऊन बसला. शरणप्पाला आवडलं असतं का, असं त्यानं विचारलं. तिनं समईतली वात पुढं सारली.

"भाऊजी, आता लपवून काय करू," ती म्हणाली. "त्यायला तुमचा आवाज कधीच सोसला न्हाई. ड्रमवर बसायच्या आधी कानात कापूस घालायचे. लग्न झाल्यावर मला सांगितल्तं, आन कुणाला सांगू नको म्हणले."

अमरनाथ तिच्याकडं वळला. "मग तुम्ही फोनवर..."

"त्यायनीच सांगून ठेवल्तं, दवाखान्यात. म्हणले, मी गेलो की अमरनाथ भिंतीकडं बघत बसंल. त्याला वाजवायला लाव. माझ्यासाठी म्हणून सांग, तर ऐकंल."

मागं पंगत उठत होती. कोणीतरी अमरनाथला जेवायला चला म्हणालं, ते त्याला ऐकू आलं नाही. तो म्हणाला, "आन तुम्हाला? आज कसं वाटलं?"

शांतम्मानं पदराखालची मूठ पुढं करून उघडली. वातींसाठी आणलेल्या कापसातले दोन बोळे तळहातावर होते. ते बघून आधी तिलाच हसू आलं, वर्षात पहिल्यांदा, आणि मग अमरनाथलाही.

"पुढल्या वर्षी येताव न्हं?" तिनं विचारलं.

"हाव," अमरनाथ म्हणाला.

तिनं बोळे नीट रुमालात गुंडाळून कमरेला खोचले.