झिपरोबाचा डावा हात

एका जंगलात, बाळांनो, एक अस्वल राहत होतं. कुठल्या जंगलात ते विचारू नका. नाव कळलं की तुमचे बाबा तिथे रिसॉर्ट काढतील.

अस्वलाचं नाव झिपरोबा. त्याचा उजवा हात फणसाच्या खोडासारखा आणि डावा पडवळासारखा. जन्मतः तसं काही नव्हतं हं. पण उजव्या हाताने वारूळ खणायचं आणि डाव्याने पोट खाजवायचं, हे वर्षानुवर्षं चाललेलं. मग दुसरं काय होणार? हसू नका. ही गोष्ट सांगणाऱ्याचा मोबाईलवर फिरणारा अंगठा सोडला, तर बाकीचं शरीर बघण्यासारखं नाही. पण विषय अस्वलाचा आहे.

झिपरोबा झाडावर चढू लागला की उजवा हात ओढ घ्यायचा, डावा मागे राहायचा, आणि स्वारी वर जायच्या ऐवजी खोडाभोवती गोल फिरायची. वटपौर्णिमेला वडापाशी जमलेल्या हरिणी म्हणायच्या, "भावोजी, सात झाल्या. आता पुरे."

त्या जंगलात एक रीत होती. दर चैत्रात उंच अर्जुनाच्या झाडावरचं मोहोळ जे अस्वल खाली आणेल, त्याच्या घराला वर्षभर ओढ्यावरची गुहा. उन्हाळ्यात गार, पावसात कोरडी. इतकी वर्षं मोहोळ वरच राहिलं तरी ती झिपरोबाकडेच होती, कारण स्पर्धेला दुसरं अस्वलच नव्हतं. यंदा मात्र डोंगरापलीकडून एक तरणंबांड अस्वल आलं. ते रोज गुहेत डोकावून म्हणायचं, "इथे एक कोनाडा काढावा म्हणतो."

झिपरोबा घरातली डोकी मोजू लागला. बायको सगुणा आणि दोन पिल्लं. भर पावसात त्यांना घेऊन जायचं कुठे?

तो नदीवर गवा उस्तादांकडे गेला. उस्ताद म्हणाले, "बारबेल घे, पैलवान. एक दांडा, दोन्ही हात, भरपूर वजन. ताकद अशीच येते."

बारबेल घरी आला. म्हणजे सगुणाने खांद्यावर घालून आणला. झिपरोबा म्हणाला होता, "अगं, मला आत्ताच दमून कसं चालेल? मला व्यायाम करायचाय."

तिसऱ्या दिवशी टेकडीवरचा वानर मास्तर आला. शहरातल्या जिमच्या खिडकीत तीन वर्षं बसून त्याने विद्या मिळवली होती. दांडा बघून त्याने कपाळावर हात मारला. "अहो अस्वलराव, यात तुमचा उजवा सगळं ओझं उचलणार आणि डावा नुसता हजेरी लावणार! डंबेल्स घ्या. ज्याचं त्याने उचलायचं."

झिपरोबाला पटलं. हीच त्याची खोड. त्याला सगळ्यांचंच पटायचं.

"सगुणा, हा दांडा नदीवर देऊन ये. येताना टेकडीवरून डंबेल्स आण."

सगुणा दोन हातांत दोन डंबेल्स घेऊन आली. आठवड्याने उस्ताद आले. "या खुळखुळ्यांनी काय होतंय? आधी पाया भक्कम कर, मग नक्षीकाम." पटलं. डंबेल्स टेकडीवर, बारबेल घरात. मग पुन्हा मास्तर. सगुणा रोज चढायची, उतरायची. "अहो, एकदा काय ते ठरवा ना," म्हणायची.

"ठरवतोच आहे," झिपरोबा आडव्यानेच म्हणायचा. त्याने कोळशाने गुहेच्या भिंतीवर फायदे-तोटे लिहिले होते. भिंत भरली, तेव्हा छताला हात घातला.

खरं सांगू का? त्याला भीती वाटत होती. उचलायला गेलो आणि डावा हात हललाच नाही तर? ठरवत होता तोवर तो निदान होऊ घातलेला पैलवान तरी होता. उचललं की नुसता झिपरोबा उरला असता.

चैत्र आला. सगळं जंगल अर्जुनाखाली जमलं. झिपरोबा मिठी मारून चढू लागला. एक फेरी, दोन फेऱ्या, तीन. मग त्याला घेरी आली आणि तो मुळाशी बसला. तरणं अस्वल चढलं दणादण, पण अर्ध्यावर त्याच्या खांद्यात लचक भरली. तसंच कण्हत ते खाली आलं.

सगुणाने कडेवरचं पिल्लू नवऱ्याकडे दिलं. "जरा धरा याला."

आणि ती चढली. सरळ. दोन्ही हात सारखे, जरासुद्धा इकडेतिकडे नाही. मोहोळ घेऊन खाली आली तेव्हा तिला साधी धापही लागली नव्हती.

"बारबेलची कमाल!" उस्ताद ओरडले.

"छे, डंबेल्सची!" मास्तर किंचाळला. अजून भांडताहेत.

झिपरोबाला आधी लाज वाटली, मग अभिमान वाटला, मग सपाटून भूक लागली. गुहा राहिली होती, पण आता ती सगुणाची होती. दारात तो घुटमळला. "अगं, मी येऊ ना आत?"

"या की. फक्त उद्यापासून ओढ्यावरून पाणी तुम्ही आणायचं."

"आणतो, आणतो!" झिपरोबा आनंदाने म्हणाला. मग जरा थांबला. "पण मी काय म्हणतो, डोक्यावर एक मोठा हंडा बरा, की दोन हातांत दोन कळशा?"

तात्पर्य: बाळांनो, कुठलाही निर्णय घाईने घेऊ नये. आपण नीट विचार करत पडून राहिलो, की घरातल्या कुणाची तरी तब्येत सुधारते.