जागा मोकळी होईपर्यंत

ते पत्र ग्रंथपालांनी दोन वर्षं शब्दकोशात दडवून ठेवलं होतं. एका बेटावरच्या दीपगृहाच्या रखवालदाराने लिहिलं होतं, ‘हौशी रेडिओच्या स्पर्धेत तुम्हीच मला दुसऱ्या बँडवर बोलावलंत. मी गेलो. बराच वेळ थांबलो. तुम्ही कुठे होतात?’ उत्तराचे अकरा मसुदे झाले. एकही धाडण्याच्या लायकीचा वाटला नाही.

स्पर्धेची रीत साधी होती. एकाच माणसाशी प्रत्येक बँडवर, म्हणजे रेडिओलहरींच्या प्रत्येक पट्ट्यावर, एकेकदा बोललं, की दर वेळी गुण. म्हणून एका बँडवर भेटलेल्याला दुसऱ्या बँडवर यायची विनंती करायची, तिथली नेमकी जागा, म्हणजे फ्रिक्वेन्सीचा आकडा, सांगायची आणि दोघांनी लगेच तिकडे जायचं. बोलावणाऱ्यानेच न जाणं म्हणजे पाहुण्याला घरी बोलावून दाराला कुलूप लावणं.

त्या दिवशी ग्रंथपाल गेले होते. पण त्या जागेवर दोघं बोलत होते. दुसऱ्यांचं बोलणं ऐकू नये म्हणून त्यांनी आवाज ओळखायच्या आतच हेडफोन काढून ठेवला आणि वाट पाहत बसले. अर्ध्या तासाने ऐकलं, तर सामसूम.

आज पुन्हा स्पर्धा होती. आणि सकाळीच रखवालदाराचा खणखणीत आवाज! ग्रंथपालांनी माइक ओढून घेतला.

“वरच्या बँडवर याल का?” त्यांनी कसाबसा जागेचा आकडा सांगितला.

“येतो. या वेळी तरी या हं!”

आता चुकलं असतं तर स्पर्धेत पुन्हा तोंड उघडायची सोय उरली नसती. अँटेनाची वायर बदलताना कप लवंडला, तो पुसताना चष्मा पडला. शेवटी ग्रंथपाल जागेवर पोचले, तर तिथे पुन्हा दोघं बोलत होते! त्यांनी झटक्यात हेडफोन काढला. बसले. उठले. खिडकीपर्यंत जाऊन परत आले.

“काय झालं येरझाऱ्या घालायला?” बायकोने विचारलं.

“जागा मोकळी नाही.”

“कोण आहे तिथे?”

“मला काय ठाऊक? लोकांचं बोलणं ऐकायचं असतं का?”

“अहो, रेडिओ आहे तो! ऐकायलाच घेतलाय ना?” तिने हेडफोनची पिनच उपटली. स्पीकरवर एक अनोळखी आवाज घुमला.

“अजून किती बडबडायचं रे? घसा बसला माझा.”

“थांब जरा. आपण गप्प झालो, तर जागा दुसरं कुणी बळकावेल. मागच्या वेळीही तू कंटाळलास म्हणून त्यांची गाठ पडली नाही.” हा रखवालदार होता.

म्हणजे तेव्हा बोलणारेही हेच दोघं होते, हे ग्रंथपालांना आत्ता उमगलं.

“बोला ना आता!” बायको म्हणाली.

“असं मध्येच?”

“मग काय, आमंत्रणपत्रिका छापू?” तिने त्यांचा हात धरून माइकच्या बटणावर ठेवला.

“माफ करा... जागा मोकळी आहे का?”

“तुमच्यासाठीच अडवून ठेवलीय, साहेब! पंचवीस मिनिटं झाली!”

दुपारी बारावा मसुदा एका वाक्यात संपला : ‘त्या दिवशी मी तिथेच होतो, तुमचं बोलणं संपायची वाट पाहत होतो.’

टपालपेटीला टेकून दोन बायका गप्पा मारत होत्या. ग्रंथपाल सवयीने चार पावलं दूर, तोंड फिरवून उभे राहिले. पाच मिनिटं गेली. दहा गेली. पेटी काही या दोघींनी आपल्यासाठी अडवून ठेवलेली नाही, हे हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं.

“जरा सरकता का?” आवाज अंमळ मोठाच निघाला.

दोघी दचकून बाजूला झाल्या.

“अहो काका, मग आधीच सांगायचं ना!”

ग्रंथपालांनी पत्र पेटीत टाकलं.