गमरेकाकांचं पाच वाजताचं आभाळ

गमरेकाका मला पहिल्यांदा दिसले ते गच्चीवर उताणे पडलेले. डोळे सताड उघडे, हातपाय पसरलेले, छातीवर मोबाइल. ऐरोलीच्या त्या सोसायटीत येऊन आम्हांला चारच दिवस झाले होते. टाकीत पाणी किती आहे ते बघायला वर गेलो आणि समोर हे. माझ्या तोंडचं पाणी पळालं. वॉचमनला हाक मारायला वळणार, तेवढ्यात पायाशी पडलेल्या त्या माणसाचाच आवाज आला.

"साहेब, जरा बाजूला व्हा. तुमच्या डोक्यानं उत्तर दिशा अडली."

काका छत्रीसाठी जागा बघत होते. ही छत्री पावसाची नव्हे, उपग्रहावरून इंटरनेट घेणारी. कुठून आभाळ मोकळं आहे आणि कुठे टाकी किंवा झाड आड येतं, हे फोनमधलं अ‍ॅप दाखवतं. पण काकांना ते पुरेसं नव्हतं. "छत्रीला जे दिसनार, ते आदी आपल्याला दिसायला पायजे," असं म्हणून ते स्वतःच छत्रीच्या जागी आडवे झाले होते.

ऐरोलीत इंटरनेटला तोटा नाही. पण काकांची अख्खी नोकरी महाप्याच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन म्हणून गेली, आणि त्यातली निम्मी रस्ता खोदणाऱ्यांनी तोडलेल्या केबली जोडण्यात. "वायर आली की कापनारा आलाच," हे त्यांचं ठाम मत. कोणाच्याही घरी गेले की आधी खिडकीतून मान बाहेर काढून वर बघायचे. आमच्या घराचं त्यांनी केलेलं एकमेव कौतुक म्हणजे, "हॉल लहान हाय, पन वर मोकळं हाय."

एवढा खटाटोप कशासाठी, तर रोज संध्याकाळी पाच वाजता आक्काशी व्हिडिओ कॉल करण्यासाठी. आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. रत्नागिरीच्या आतल्या भागात, एका खोऱ्यातल्या गावी एकटी राहते. तिथे फोनला रेंज नाही, म्हणून पहिली छत्री तिच्या अंगणात बसवून झाली होती. काकूंना गावी करमत नाही आणि आक्काला इथे. एकदा आणली होती तिला, तर लिफ्टचं दार लागल्याबरोबर मटकन खालीच बसली. तेव्हापासून पाच म्हणजे पाच. बारसं असो की सोसायटीची मीटिंग, काका पावणेपाचला उठणार. एकदा तर सलूनमधून अर्धी दाढी ठेवून आलेले मी पाहिले आहेत.

आमची आणि त्यांची भिंत एक. त्या भिंतीतून शेजारच्यांची फोडणीसुद्धा ऐकू येते. पण पाच ते सहा गमऱ्यांकडून चकार शब्द येत नसे. मध्येच हसू, मध्येच एखादी टाळी, बस्स.

"बहिणीशी तासभर बोलतात म्हणे," माझी बायको सुनंदा म्हणाली. "बोलणं कुठाय? नक्की शेअरबाजार असणार."

पाच वाजता शेअरबाजार बंद असतो, हे मी तिला सांगितलं. पण संशय मलाही होताच.

मग एप्रिलमध्ये आमच्याच घरातून घोळ झाला. सुनंदा कुरडया घालायला गच्चीवर गेली. तिथे तिला एक पांढराशुभ्र, गुळगुळीत, किंचित कललेला पाट दिसला. कोणी ठेवलाय देव जाणे, पण काय सोयीचा, म्हणून तिने त्यावर अख्खा घाणा घातला आणि ती खाली येऊन झोपली. पाच वाजता काकांचा कॉल लागेना.

आता आपली शोभा होणार, म्हणून मी धावत वर गेलो. काका छत्रीसमोर बसून एकेक ओलसर कुरडई सोडवून ताटात ठेवत होते, एकही न मोडता. आणि डोळ्यांत चक्क पाणी. मी हबकलो.

"वहिनींचं काय चुकलं नाय," ते म्हणाले. "पन ती तिकडं बसली असंल."

"एका फोनसाठी एवढं काय काका?" असं मी बोलून गेलो. त्यांनी पुढची कुरडई सोडवायला घेतली.

कुरडयांची गोष्ट सेक्रेटरीच्या कानावर गेली आणि गच्चीवर असलं यंत्र आहे हे त्यांना तेव्हा कळलं. मीटिंगमध्ये कोणाला रेडिएशनची भीती वाटली, कोणाला वॉटरप्रूफिंगची. आठ दिवसांत छत्री काढा, असं ठरलं. काका भांडतील म्हणून सगळे सरसावून बसले होते, पण ते "बरं" म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी छत्री खाली आली.

रविवारी सकाळी गेटवर हॉर्न वाजला. बघतो तर एक जुनी पिवळी स्कूल व्हॅन, आणि स्टीअरिंगवर गमरेकाका. आतली बाकं काढून तिथे पलंग, शेगडी, बॅटऱ्या. टपावर छत्री. सोसायटी अवाक.

"गच्ची सोसायटीची हाय, गाडी आपली हाय," काका म्हणाले. "जितं मोकळं, तितं आपन."

"हे घर सोडून चाललेत की घर घेऊन चाललेत, मला कळंना," काकू म्हणाल्या.

मग रोज साडेचारला व्हॅन खाडीच्या बाजूला जाऊन उभी राहायची. लोक टिंगल करायचे. मीही केली.

मे महिन्यात मला एका लग्नाला चिपळूणला जायचं होतं. काका गावी निघाले होते. "चला, सोडतो," म्हणाले. निघायलाच उशीर झाला आणि घाटात ट्रॅफिक लागला. चार वाजून गेले तसे काका रस्त्याकडे कमी आणि वर जास्त बघायला लागले. दोन्ही बाजूंना गच्च झाडं. जागा दिसली की गाडी हळू करायचे, मान काढून वर बघायचे आणि पुन्हा निघायचे. कपाळावरून घाम गळत होता.

"अहो, रात्री तर पोचताय तुम्ही," मी म्हणालो. "गावात कोणाकडे लँडलाइन असेल ना? तिथे फोन करून तिला निरोप द्या."

"निरोप तिला सांगनार कोन?" काका म्हणाले.

मला अर्थ लागला नाही. तेवढ्यात झाडं संपली आणि सडा लागला, कातळाचं उघडं माळरान. काकांनी गाडी थेट त्यावर घातली. छत्रीला उपग्रह सापडेपर्यंत काका सारखे घड्याळ बघत होते. पाच वाजून आठ मिनिटांनी पडद्यावर अंगणात बसलेली एक पांढऱ्या केसांची म्हातारी आली. रागावली होती. तोंड मिटलेलं, पण दोन्ही हात सपासप चालले होते. काकांचेही हात चालायला लागले.

मी गार पडलो. इतके महिने भिंतीला कान लावून मी काय ऐकू पाहत होतो, या विचाराने माझी मलाच लाज वाटली.

"लहानपनी तापात तिचं ऐकनं गेलं," काका पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "शाळा नव्हती. मग आमीच खुना बनवल्या. आई, ती आन मी. आई गेली. आता ही भाषा दोगांनाच येते. चित्र अडकलं की तिचा हात तसाच ऱ्हातो बगा. शब्द अर्दा ऱ्हातो."

मग म्हणाले, "आन मी आदी गेलो, तर ती बोलनार कुनाशी?"

मी विचारलं, "काका, ‘बरी आहेस ना’ कसं म्हणतात?"

त्यांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. मग छातीवर तळवा ठेवला आणि सुपातले तांदूळ सारखे करावेत तसे दोन्ही हात हवेत फिरवले. मी पडद्यासमोर सरकलो आणि जमेल तसं केलं.

आक्काचे हात हवेत थांबले. मला वाटलं, चित्र अडकलं. पण तिच्यामागे अंगणात कोंबडी चालत होती. मग तिने पदराने डोळे पुसले आणि माझ्याशी बोलायला लागली, भराभर, न थांबता. मला एक अक्षर कळत नव्हतं. काय म्हणते, म्हणून विचारायला काकांकडे वळलो, तर ते सांगायच्या स्थितीत नव्हते.