धाकट्या महालक्ष्मीखालचा डबा

मधुसूदनरावांनी निधीला उत्तर आधी पाठवलं आणि शोधाशोध मागून सुरू केली, तिथेच सगळं बिनसलं.

निधी बंगळुरूच्या एका संग्रहालयात जुन्या ऑपरेटिंग सिस्टिम जपून ठेवायचं काम करी. एका परदेशी विद्यापीठाने संशोधनासाठी बनवलेल्या सिस्टिमची पहिली आणि दुसरी आवृत्ती तिला सापडली होती; तिसरी कुठेच मिळेना. "आहे ना, माझ्याकडे आहे!" मधुसूदनरावांनी कळवून टाकलं. कॉलेजात शिकवत असताना त्यांनी त्या सिस्टिममधली प्रिंटरची एक चूक दुरुस्त करून टपालाने पाठवली होती. तिसऱ्या आवृत्तीत ती दुरुस्ती आली, सोबत त्यांचं नाव आलं, आणि त्या आवृत्तीची टेप भेट म्हणून घरी आली. घरात मात्र यावर कुणाचा विश्वास नव्हता. मुलगा पुष्कर तर पाहुण्यांसमोर म्हणे, "बाबांचं नाव अमेरिका में चलता है, अपने मोहल्ले हरिशंकरपुरम में नहीं."

"शरयू, माझा तो टेपचा गोल डबा कुठे आहे?"

"महालक्ष्मीच्या खाली." शरयूताई फुलोऱ्याच्या करंज्या बांधत होत्या. "धाकटीची उंची कमी पडते ना. दरवर्षी तोच ठेवते."

"जरा काढून दे ना."

"उभ्या केलेल्या महालक्ष्म्या हलवू? विसर्जनापर्यंत नाव काढायचं नाही!"

मधुसूदनराव हिरमुसले, पण मनातून सुखावलेही. देवीच्या पायाशी टेप सुखरूप होती. तेवढ्यात पुष्करने आरतीसाठी भलामोठा स्पीकर आणून डब्यालाच टेकवला. स्पीकरात लोहचुंबक असतं आणि चुंबकाने टेप पुसली जाते! त्यांनी स्पीकर उचलून थेट न्हाणीघरापाशी नेला.

"बाबा, आरती अब बाथरूम से आएगी क्या? लोक काय बोलतील?"

लोक बोललेच. हळदीकुंकवाला माधवगंजातून आलेल्या लीलाताईंच्या पर्सला चुंबकाचं बटण होतं, तर त्यांना पर्स बाहेर ठेवायला लावली.

"डब्यात हिरे आहेत का हो?" लीलाताईंनी विचारलं.

मग मधुसूदनरावांनी सगळ्यांसमोर नावाची हकीकत सांगितली. पुष्कर प्रथमच न हसता ऐकत होता.

विसर्जन झालं. पुष्करने मोबाईलवर निधीला व्हिडिओ कॉल लावून दिला आणि मधुसूदनरावांनी डबा उघडला. आत नुसती रिकामी चकती होती.

"शरयू! यातली पट्टी?"

"गच्चीवर. कुरडयांवर पाखरं येत होती, म्हणून बांधली. तुम्हाला विचारूनच हं! तुम्हीच म्हणालात, टेप वाचायचं मशीन भंगारात गेलं, आता कशाला लागते, घे."

म्हणाले होते खरे, पेपरातून मान वर न करता. स्वतःचं नाव आपणच पाखरांपुढे टांगलं होतं.

"काका, निदान डबा तरी पाठवाल?" निधी हळूच म्हणाली. "त्यावर लेबल आहे."

"डबा नाही मिळायचा," शरयूताई मोबाईलजवळ येऊन म्हणाल्या. "धाकटी कशावर उभी राहील?"

मधुसूदनराव गच्चीवर गेले. उन्हापावसाने पट्टी कधीच तुटून गेली होती. एका खिळ्याला वीतभर तुकडा तेवढा लोंबत होता. मागून पुष्कर आला.

"बाबा, तुमचं नाव इसी में होगा क्या?"

"असेलही. आता कोण वाचणार?"

एक चिमणी येऊन त्या खिळ्यावर बसली आणि तुकड्याला चोच मारू लागली. पुष्करने धावत जाऊन तिला हुसकावून लावलं.