बिनकरंटचा बेस

आमच्या मोहाडीत करंटवर चालणारी वस्तू करंट न लावता वाजवणारा एकच माणूस आहे. तो माझा शेजारी शालिक. त्याच्याजवळ चार जाड तारांची बेस गिटार आहे. घरात डब्बा, म्हणजे स्पीकर, आहे. वायर आहे. लाइनही असते. तरी हा गडी ओसरीत बसून नुसत्याच तारा छेडतो. मी म्हणायचो, बंद पंख्याखाली वारा खाणं अन् हे, सारखंच.

शालिक एरवी हातमागावर बसायचा आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रात बेस वाजवायचा. आमच्या भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला तसा त्याचा ऑर्केस्ट्राही वाटला गेला. ढोलकवाला, गाणारी, जनरेटर, सारं तिकडे गेलं. ह्याच्या वाट्याला राहिला बेस, जो एकटा कोणालाच ऐकायचा नसतो.

पुढे मागही बंद पडला आणि ह्याला नवं वेड लागलं. बिनकरंटचा बेस अकरा पावलांवर ऐकू गेला पाहिजे. दहा नाही, बारा नाही. रोज सकाळी तो ओसरीपासून अकरा पावलं मोजून मला माझ्याच अंगणात उभं करायचा, तार ओढायचा आणि विचारायचा, "पोचला का?"

मी दुसरीपर्यंत शिकलो, पण कान माझे पहिल्या नंबरचे. आवाज पोचायचा. पहिल्या दिवशी गंमत म्हणून नाही म्हटलं. आणि मी एकदा नाही म्हटलं की ते नाहीच राहतं, गावाला माहीत आहे.

शालिक तारांसाठी नागपूरच्या चकरा मारू लागला. बारीक तारा लावल्या, त्या डासासारख्या वाजल्या. सपाट, गुळगुळीत आणल्या, त्या बोटाला सुखाच्या, पण आवाज गोधडीतून बोलल्यासारखा. मग जाड अन् खरबरीत आणल्या. त्या सगळ्यांत खणखणीत होत्या. मी तरी नाहीच म्हटलं. तेव्हा त्यानं विणकराचं डोकं चालवलं. खळ दिली की सूत ताठ होतं, म्हणून त्यानं तारांनाही तांदळाची खळ पाजली आणि उन्हात वाळवल्या. बेस पार मुका झाला. खळ काढायला तारा गंजात, म्हणजे पातेल्यात, उकळत ठेवल्या, तर पोस्टमन विचारून गेला, शेवया कायच्या आहेत म्हणून.

मी हसत म्हटलं, "काहून जीव देऊन राहिला बे? डब्बा लाव अन् मोकळा हो."

तो काडीनं तारा हलवत राहिला. मग म्हणाला, "डब्ब्यानं सुमन दचकते, दादा."

सुमन त्याची बायको. शुगरनं दोन्ही डोळे गेले, आतल्या खोलीत खाटेवर असते. माग चालायचा तोवर त्याची खटखट ऐकून तिला कळायचं की हा घरी आहे. माग थांबला तशी ती घडीघडी हाका मारू लागली. ओ मिळेपर्यंत घाबरी व्हायची. जवळ बसावं तर, उशाशी बसू नका, मले मेल्यावानी वाटते, म्हणून हाकलायची. ओसरीपासून तिची खाट अकरा पावलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं त्याच उकळलेल्या जाड तारा लावल्या. पहिल्या ठोक्यालाच मी पोचला म्हटलं. माझ्या 'नाही'चा 'हो' जन्मात पहिल्यांदा झाला. आधी खोटं बोललो, हे मात्र मी त्याला अजून सांगितलं नाही.

परवा त्याला तिच्या गोळ्या आणायला भंडाऱ्याला जायचं होतं. बेस माझ्या मांडीवर ठेवून म्हणाला, "जाडी तारच वाजवा. मी गेलो म्हणून तिले समजू देऊ नका." मी छाती काढून बसलो. तासभर ठण ठण केलं. आतून एकही हाक नाही. मला वाटलं, जमलं.

मग आतून तिचा आवाज आला, अगदी सावकाश. "भाऊजी, बोटं दुखली असतील तुमची."

मी तार दाबून धरली.

"मले समजलं म्हणून त्याईले सांगू नका," ती म्हणाली. "पण थांबूही नका. ते फाटकाशी आले अन् त्याईले काही ऐकू नाही आलं, तर घाबरतील."

मी पुन्हा तार ओढली, आणि फाटक वाजेपर्यंत ओढत राहिलो.