मान डोलावणारा लॉइड

रविवारी सकाळी लॉइड ट्रॅपनेलला बेसबॉल क्लबातून काढलं, तेव्हा त्याच्याच तोंडवळ्याचे दोन हजार बाहुले बाहेर ट्रकमधून उतरत होते. वीतभर उंच, मानेत स्प्रिंग. टिचकी मारली की मान वरखाली डोलायची. दुपारच्या मॅचला येणाऱ्या प्रत्येकाला एकेक फुकट, अशी जाहिरात महिनाभर आमच्या गावात झळकत होती.

"वाईट वाटून घेऊ नकोस," मालक हॉलिस ग्रिम्स म्हणाले. "सदतिशी गाठलीस. मैदानाच्या डाव्या कुंपणाशी झेल घ्यायला मला तरणा पोरगा हवाय. दुपारी मात्र ये हं! लोकांना हात कर, आणि खुशीनं निवृत्त होतोय म्हणून सांग."

"काढताय तुम्ही, आणि खुशी माझी?"

"अरे, काढलेल्या माणसाचा बाहुला वाटला तर बरं दिसतं का?"

"मग काढू नका."

ग्रिम्स साहेबांनी कागदावर सही ठोकली आणि कागद त्याच्या हातात कोंबला.

लॉइड म्हणजे बारा गावचं पाणी प्यालेला गडी. मोठ्या लीगमध्ये एकदाच आठवडाभर गेला, तर तिथे पाऊस लागला. बाकी सगळी हयात छोट्या गावांच्या छोट्या टीमांत. टीम बुडाली, टीम विकली गेली, एकदा तर मॅनेजरच टीमची बस घेऊन पळाला. लॉइड आपला पुढच्या गावी चेंडू झेलायला हजर! पण आता सदतिसाव्या वर्षी नवा क्लब मिळणं कठीण होतं, आणि नाही मिळाला तर सोमवारपासून मेहुण्याचं टायरचं दुकान ठरलेलं होतं. बायको डोरीन गाडी घेऊन न्यायला येणार होती. तो बॅग घेऊन फाटकाशी बाकावर बसला.

इकडे बाहुले गोदामात मावेनात. ग्रिम्स साहेबांनी उरलेली खोकी पाहुण्या टीमच्या खोलीच्या दारातच रचायला लावली. पाहुण्यांचा डाव्या कुंपणाचा खेळाडू कोवाल्चिक फोनमध्ये डोकं घालून बाहेर आला, आणि खोक्यांवर असा आडवा झाला की घोटा भोपळ्याएवढा सुजला. राखीव पोरगा नेमका बहिणीच्या लग्नाला गेलेला. पाहुण्यांचा मॅनेजर गस पर्लोट्झी कुणावर तरी ओरडायला बाहेर आला, तर समोर लॉइड.

"काय रे म्हाताऱ्या, इथे काय करतोस?"

"टायर विकायच्या बेतात आहे."

"त्याआधी आमच्याकडून कुंपणाशी उभा राहशील? आज जमलं तर पुढेही ठेवीन."

"शर्ट कुठाय?"

शर्ट कोवाल्चिकचा, आणि कोवाल्चिक काडीपहिलवान. पोटावरची बटणं लागेनात. तेवढ्यात डोरीन आली.

"लॉइड! हा कुणाचा शर्ट?"

"कोवाल्चिकचा."

"कोण कोवाल्चिक?"

"आज मीच."

"आणि माझ्या दादाला काय सांगू?"

"सांग, टायर काही पळून जात नाहीत!"

ग्रिम्स साहेब धावत आले. "हा आमचा माणूस आहे!"

"सकाळपर्यंत होता," गस म्हणाला. "सही तुमचीच ना? शाई वाळली का बघा."

लोकांना काहीच पत्ता नव्हता. हातात लॉइडचा बाहुला, आणि खरा लॉइड शत्रूच्या शर्टात कुंपणाकडे चाललेला! ओरडावं कुणाच्या नावानं? त्यात भोंग्यावरून सकाळीच लिहून ठेवलेलं भाषण सुरू झालं. "आपला लाडका लॉइड आज खुशीनं निवृत्त होत आहे..."

"साफ खोटं!" लॉइड मैदानातून गरजला. "काढलंय मला!"

स्टेडियम असं हसलं की भोंगा गप्प झाला.

मॅच शेवटपर्यंत अटीतटीची झाली. पाहुणे एका धावेनं पुढे, आमचा एक गडी धावायला टपलेला, एक बळी बाकी. चेंडू कुंपणापार पडला तर दोघांच्या दोन धावा, म्हणजे जिंकलोच. बॅट घेऊन आला तोच तरणा पोरगा, लॉइडच्या जागी घेतलेला. त्यानं चेंडू असा हाणला की आम्ही उभे राहून जिंकल्याच्या आरोळ्या ठोकल्या. लॉइड पळत सुटला. गुडघा कुरकुरला, शर्टाचं उरलंसुरलं बटण उडालं, पण गडी कुंपणावर चढला आणि पलीकडे गेलेला चेंडू हात घालून वरच्या वर झेलला. पोरगा बाद!

आम्ही हरलो होतो. मग कुणीतरी बाहुल्याला टिचकी मारली, बघता बघता सगळ्यांनी मारली, आणि हरलेलं गाव "लॉइड! लॉइड!" करून घसा फोडू लागलं. मीसुद्धा. लाज कसली त्यात!

गर्दी पाहिली की ग्रिम्स साहेबांचं मन विरघळतं. पाहुण्यांच्या बसपाशी त्यांनी लॉइडचा हात धरला. "झालं गेलं विसर. उद्यापासून ये, पगार वाढवतो. फक्त हो म्हण!"

लॉइडनं शेजारच्या खोक्यातून एक बाहुला काढला, साहेबांच्या तळहातावर उभा केला आणि त्याला टिचकी मारली.

"हो म्हणणारा हा," तो म्हणाला. "ढीगभर आहेत तुमच्याकडे."

साहेब डोरीनकडे वळले. "बाई, तुम्ही तरी समजवा त्याला!"

डोरीननं एक बोट वर करून त्यांना थांबवलं. ती फोनवर होती.

"नाही दादा, सोमवारी नाही. मंगळवारीही नाही... मी कसली समजावतेय त्याला! मी त्याची बॅग बसमध्ये चढवतेय."