ताटावरचा हात

परीक्षा संपली त्याच दिवशी वेदिकाने घरात जाहीर केलं, की या सुट्टीत ती नोकरी करणार. वडिलांनी पेपर खाली न ठेवता विचारलं, तुले कोण ठेवीन? प्रश्न साधा होता, पण तिला लागला. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षात गेलेल्या पोरीने केसांच्या क्लिपसाठीसुद्धा कारण सांगून पैसे मागायचे, याचा तिला मनापासून कंटाळा आला होता. शेवटी तह झाला. एक दिवस कामाला जायचं. मालक 'उद्या ये' म्हणाला तर सुट्टीभर मोकळीक, नाही म्हणाला तर विषय बंद.

मालक मिळाला तो कवडूभाऊ केटरर. मे महिन्यात नागपुरात लग्नांना तोटा नसतो, वाढायला माणसं मात्र मिळत नाहीत. सक्करदऱ्याच्या एका हॉलमध्ये लग्न होतं आणि मुलीकडच्यांनी हट्टाने बुफे नको, पंगत हवी म्हणून सांगितलं होतं. कवडूभाऊंनी पोरींना घरूनच चांगली साडी नेसून बोलावलं. म्हणे घरगुती वाटतं. गणवेशाचा खर्च वाचतो हे ते बोलले नाहीत, आपण बोलू. काम त्यांनी एका दमात समजावलं. "ताटात टाकायचं अन् पुढं सरकायचं. थांबायचं नाई." आणि वेदिकाच्या हातात जिलबीची परात दिली.

पहिली फेरी सुरळीत झाली. दुसऱ्या फेरीत मुलाकडचे नानाजी नावाचे म्हातारे पाहुणे होते, त्यांनी ताटावर आडवा हात धरला. आता सांगा, वाढणारीने काय समजावं? कवडूभाऊंच्या धंद्यात ताटावरचा हात म्हणजे सुटका. वेदिकाच्या घरी ती आग्रहाची सुरुवात. तिथे हात पाहून कोणी पुढे गेलं, तर पाहुणा वर्षभर ऐकवतो. ती नानाजींपुढे वाकली आणि माझ्या हातची म्हणून एक तरी घ्या म्हणाली. नानाजींनी लाजत हात काढला आणि चार खाल्ल्या.

शेजारच्यांनी हे पाहिलं आणि त्यांनीही ताटांवर हात धरले. रांगच्या रांग हात धरून बसली. जिलबी कोणालाच नको होती, विचारलेलं मात्र प्रत्येकाला हवं होतं. वेदिका एकेकापुढे थांबू लागली. तेवढ्यात समोरच्या रांगेतले मुलीचे मामा भरल्या ताटावरून उठले. आमाले काहून नाई इचारत कोणी, एवढंच बोलून ते चपला शोधायला लागले. झालं. लग्नात मामा रुसणं म्हणजे काय, हे काय सांगायचं? वेदिका परात घेऊन मागे धावली, त्यांना दारातून परत आणलं आणि बसवून खाऊ घातलं. मग दोन्ही रांगांत चढाओढ लागली. शेवटची पंगत बसायची होती आणि जिलबी संपली.

कवडूभाऊंनी मिठाईच्या दुकानाकडे माणूस पिटाळला आणि तिला भटारखान्यात बोलावलं. "पोरी, मी ताटाचा हिशोब केला, तू पोटाचा करून राहिली. परात ठेव अन् घरी जा." वेदिकाने परात ठेवली. वडील बरोबर ठरले, याचं तिला रडू आलं.

डोळे पुसत ती दाराशी पोचली, तोच मुलीची आई जिजाबाई तिला द्यायला साडीचा खोका घेऊन आल्या. त्यांनी विहीणबाईंनाच हाक मारली. तुमच्याकडची ही पोरगी मोठी गुणाची, कोणाची हाये ही?

"आमची? आमी तर तुमची समजून राहिलो," विहीणबाई म्हणाल्या.

दोघी वेदिकाकडे पाहू लागल्या. साडी नेसून परक्या लग्नात फुकट जेवणाऱ्या पोरींचे किस्से बायकांना लगेच आठवले. जिजाबाईंनी खोका हळूच मागे घेतला. कोणाची वं तू, कोणीतरी विचारलं. वेदिका काय सांगणार? केटररची म्हणावं, तर त्याने आत्ताच काढलं होतं.

कवडूभाऊ मागेच उभे होते. माहीत नाही म्हटलं असतं, तर संपलेल्या जिलबीचा सगळा दोष या फुकट्या पोरीवर गेला असता आणि ते मोकळे झाले असते. मोह झाला, का नाही होणार? पण पोरीचे डोळे भरलेले दिसले. "आमची हाये," ते म्हणाले. "आमच्याकडं असंच वाढतात."

हे नानाजींनी ऐकलं. पुढच्याच आठवड्यात त्यांच्या नातवाचं लग्न होतं सावनेरला. त्यांनी तिथल्या तिथे काम कवडूभाऊंना देऊन टाकलं. अट एकच, वाढायला हीच पोरगी पाहिजे. कवडूभाऊंनी हात जोडले. आणखी काय करणार?

पाहुणे पांगल्यावर त्यांनी वेदिकाला बाजूला घेतलं. "उद्या ये. पण तू मिठावर राहायचं. तिथं कर किती आग्रह करायचा तं."

घरी वडील वाटच पाहत होते. काय झालं, त्यांनी विचारलं.

"ठेवलं," वेदिका म्हणाली. कशावर, ते तिने सांगितलं नाही.